सतरा तासांचा प्रवास

आमची आत्या सव्वीस वर्षं एका कचेरीत विमानाची तिकिटं काढून द्यायची. कुठल्या विमानतळाहून कुठे जायला किती तास लागतात, ते तिला तोंडपाठ होतं. स्वतः मात्र ती कधी विमानात बसली नव्हती.

आजी गेली तेव्हा परदेशातला काका अंत्यविधीला वेळेत पोहोचला नाही. "सतरा तासांचा तर प्रवास!" म्हणत आत्याने त्याच्याशी अबोला धरला. तो नऊ वर्षं टिकला.

मग काकाच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आत्याने मुकाट्याने स्वतःचं तिकीट काढलं. पहिलं विमान धुक्यात अडकलं, त्यामुळे पुढचं हुकलं. ती तिसऱ्या दिवशी सुजलेल्या पायांनी दवाखान्यात पोहोचली, तोवर ऑपरेशन होऊन गेलं होतं.

"उशीर झाला रे," ती म्हणाली.

"होतो, ताई," काका म्हणाला. "बस आधी."

आत्या तिथे दोन महिने राहिली.