चौकटीतून कापलेला तांब्या

फोटोग्राफी शिकायला लागले आणि घरात सगळ्यांना नकोशी झाले. शंकर नगरातल्या एका दुकानाच्या माडीवर रविवारी क्लास असायचा. सहा रविवारांत मला एवढी अक्कल फुटली की कुणाच्याही लग्नाचा अल्बम बघून मी नाक मुरडायचे. सरांचा एक धडा डोक्यात पक्का बसला होता. चेहरे नंतर, आधी चौकटीच्या कडा बघा. तिथे काही चकाकत असेल तर डोळा तिकडेच पळतो. ते काढून टाका.

बाबांना असले नियम ठाऊक नव्हते. ते जुन्या कॅमेऱ्याने फोटो काढायचे तेव्हा गुडघ्यांत वाकून, मान तिरकी करून सगळे मावले का तेवढं बघायचे.

त्यांच्या पंचाहत्तरीला अभनपूरहून आत्या आली. दुपारी मी आई, बाबा आणि आत्याला हॉलमधल्या दिवाणावर बसवलं. उजेड डावीकडून, मागे कोरी भिंत, बाबा मधे. सगळं जमून आलं आणि आई उठली. गोल बाजारातून आणलेला पितळी तांब्या पाण्याने भरून तिने उजवीकडच्या स्टुलावर ठेवला.

"तिघांचा फोटो काढत नाई," ती म्हणाली. "मधातला जाते."

ही आमच्या घरची रीत. माणसं तीन असली की चौथा तांब्या. लहानपणी मला त्याची गंमत वाटायची, आता राग आला.

"हव, राहू दे नं," आत्या हसली. "काढ लवकर."

मी फोटो काढला आणि संध्याकाळी उजवी कड कापून टाकली. मोठी प्रत चौकटीत बसवून हॉलमध्ये लावली. तोवर मी काढलेला तो सगळ्यात चांगला फोटो होता.

बाबा खूश झाले. "पाह्य, मी बराबर मधात आलो."

आईने चेहरे पाहिलेच नाहीत. बोटाने मोजलं. "तांब्या काहून कापला वं?"

"कंपोझिशन बिघडत होतं."

"काढणारा तांब्यात येते. मंग चार होतात. तू तर सोताले बी कापलं. पुरा फोटो लाव."

मी लॅपटॉपवर मूळ फोटो उघडून तांब्या मोठा केला. त्याच्या पोटात मी होते. ताणलेली, बोटभर, आणि चेहऱ्याच्या जागी लेन्सचा काळा गोल. मी लॅपटॉप मिटला. रविवारी बदलते, म्हणाले. खरं तर बदलायचं मनात नव्हतं. शिकलेल्या बाईने तांब्यापुढे नमतं घ्यायचं?

पण त्या आठवड्यात हॉलमधून जाताना माझा डोळा दर वेळी फोटोच्या उजव्या कडेला जायचा, जिथे काहीच नव्हतं. एकदा चहा पिताना बाबाही तिकडे बघत होते.

"इथं कोणी होतं का?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं.

शुक्रवारी सकाळी त्याच दिवाणावर पेपर वाचता वाचता बाबांनी भिंतीला डोकं टेकलं, ते परत उचललंच नाही. हृदय कैक वर्षं कमजोर होतं, डॉक्टर म्हणाले. मलाही माहीत होतं. तरी रोज स्वतःला ते सांगावं लागतं. आई मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

वर्षश्राद्धाला आत्या आली. जेवणं झाल्यावर तीच म्हणाली, एक फोटो काढू. आई, आत्या आणि मी, पुन्हा तीनच. या वेळी मीच तांब्या घासून, भरून स्टुलावर ठेवला. कॅमेरा स्टँडवर लावला, टायमर दिला आणि दिवाणावर येऊन बसले. मधे कोण बसणार हे कुणी विचारलं नाही. मी बसले. घरात चौथं कुणी नव्हतं. समोर नुसता स्टँड, त्यामागे दार. शटर वाजलं.

मी उठून कॅमेऱ्यापाशी गेले, आई शेजारी येऊन उभी राहिली. मी स्क्रीनवर तांब्या मोठा केला. त्यात स्टँड होता. स्टँडमागे कुणीतरी गुडघ्यांत वाकून, मान तिरकी करून बघत होतं.

दाराचा पडदा असेल. पितळेच्या पोटात सरळ रेघही वाकडी दिसते. हे सगळं मला समजतं. अंगावर काटा आला होता, आणि त्याहून जास्त, खूप बरं वाटत होतं.

आईने बोटाने मोजलं. एक, दोन, तीन. मग बोट तांब्यावर टेकवून ठेवलं.

"चार," ती म्हणाली. "सगळे मावले."

तो फोटो आता हॉलमध्ये आहे, जसाच्या तसा. उजव्या कडेला तांब्या चकाकतो आणि येणाऱ्या प्रत्येकाचा डोळा तिकडेच पळतो. पळू दे.