खुर्चीवरचा वरवंटा

देवकीला मी आधीच सांगितलं होतं, हे काही जमायचं नाही. मी जयराम. मुरबाडच्या एमआयडीसीत पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. नव्या गोष्टींचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

देवकी आमच्या ऑफिसातली एकटी बाई. कुठल्या गाडीत कोणता माल चढवायचा, त्याची यादी रोज सकाळी नऊच्या आत तिच्या कॉम्प्युटरवरून छापून निघायची. यादी नाही तर गाड्या गेटवरच. २००८ साली तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे किन्हवलीला व्हायचं ठरलं. साहेब म्हणाले, "जा खुशाल. पण तीन महिने खुर्ची मोकळी ठेवता येणार नाही. दुसरी मुलगी बघावी लागेल." नोकरी कंत्राटी, भांडणार कशाच्या जोरावर? दोन वर्षं एसटीनं शहापूरला जाऊन ती कॉम्प्युटर शिकली होती. सासरी तिच्या शब्दाला जे काही वजन होतं, ते या खुर्चीमुळे होतं.

"मी किन्हवलीतून यादी काढीन," ती म्हणाली.

साहेब हसले. मीही हसलो. ती हसली नाही.

आठवा महिना, पाय सुजलेले. ते एका खोक्यावर ठेवून ती मशीनसमोर बसायची. भाऊ सुयोग किन्हवलीत कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. त्याला फोनवर धरून तिनं ऑफिसच्या मशीनमध्ये एक प्रोग्रॅम घातला. त्या प्रोग्रॅममुळे हे मशीन इंटरनेटवरून, किन्हवलीतल्या सुयोगच्या कॉम्प्युटरवरून चालवता येत होतं. पण आत येण्याआधी तो इकडच्या पडद्यावर दर वेळी परवानगी मागायचा आणि कुणीतरी 'होय' दाबावं लागायचं.

"सकाळी आठला कोण दाबनार? तुमी?" तिनं मला विचारलं. मी नऊला येतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मग तिनं कायमचा पासवर्ड घातला, म्हणजे इकडे कुणी नसलं तरी चालेल. मशीन सुरू झालं की प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हावा, हेही केलं. राहिलं भारनियमन. लाइट जाऊन परत आली की मशीन स्वतःच चालू व्हायला हवं होतं. कुठल्याशा निळ्या पडद्यात शिरून तिनं तेही जमवलं आणि खात्री करायला तीनदा मेन स्विच पाडला. तिन्ही वेळा मी ओरडलो.

मुलगी झाली. बारसं झालं. महिनाभर मी दोन बोटांनी टाइप करत कशीबशी यादी काढली. मग साहेबांनी सांगितलं, "सोमवारपासून तीन दिवस बघतो. नाही जमलं तर गुरुवारी नवी मुलगी बसेल."

सोमवारी नऊला मी आलो, तर मशीन बंद. यादी नाही. गेटवर ड्रायव्हरांचे हॉर्न. तेवढ्यात देवकीचा फोन.

"आठला लागलं होतं, जयरामभाऊ. आर्धी यादी केली आनि तुटलं."

"लाइट गेली असेल."

"मुरबाडची लाइट सकाळी जात नाय. टाइमटेबल माज्यासमोर हाय."

मंगळवारी तेच. फोनवर ती रडली. मागे बाळही रडत होतं. मला फार वाईट वाटलं. मग तिनं नाक ओढलं आणि आवाज बदलला. "उद्या आठला तुमी जा. मशीनला हात लावू नका. नुसतं बघत बसा."

बुधवारी शिव्या घालत आठला पोहोचलो आणि खोक्यांच्या थप्पीमागे बसलो. आमचा शिपाई महादू झाडू मारत होता. साठीला आलेला माणूस. देवकीला तो लेकीसारखी मानायचा. एवढ्यात पडद्यावरचा बाण हलायला लागला, अक्षरं उमटायला लागली. महादूचा झाडू थांबला. त्यानं पडद्याला हात जोडले आणि टेबलामागच्या भिंतीतला प्लग उपटला.

"महादू!" मी ओरडलोच.

तो दचकला, पण वरमला नाही. "रिकामा पाळना हलवतात का रे? पोराला बाधतो. तिची पोर तान्ही हाय, आनि हितं तिच्या रिकाम्या खुर्चीवरनं काम चाललंय. मला बघवत नाय."

"मग दोन दिवस बोलला का नाहीस? मी आल्यावर गुपचूप प्लग परत लावून ठेवायचास!"

"असलं तोंडानं बोलायचं नसतं."

रागवायचं तरी कुणावर? सगळ्यात जास्त जीव लावणारा माणूसच तिची नोकरी घालवायला निघाला होता.

फोन वाजला. मी देवकीला सगळं सांगितलं. वाटलं, आता ही भडकणार. ती म्हणाली, "काकांना द्या." महादू रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरायचा, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"काका, माज्या पोरीच्या बारशाला तुमी आलेलात ना? पाळन्यात तिच्या आदी काय घातलं?"

"वरवंटा."

"कशाला?"

"पाळना रिकामा हलू नये म्हनून."

"मंग?"

महादूनं खुर्चीकडे पाहिलं. मग रिसीव्हर माझ्या हातात कोंबून कँटीनकडे गेला. मला घड्याळाकडे बघवत नव्हतं. नऊला वीस मिनिटं कमी असताना तो परत आला. कँटीनचा वरवंटा स्वतःच्या धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून आणला होता. तो त्यानं देवकीच्या खुर्चीवर नीट मधोमध ठेवला आणि प्लग लावला.

मशीन आपोआप चालू झालं. बाण हलला, धावला. नऊला पाच मिनिटं असताना प्रिंटर कुरकुरला आणि यादी बाहेर आली. महादूनं ती दोन्ही हातांत धरून मला आणून दिली.

गाड्या गेल्यावर साहेब आले. यादी पाहिली, मान डोलावली. मग त्यांची नजर खुर्चीकडे गेली. "हा दगड कुणी ठेवला इथं? उचला आधी."

महादूनं माझ्याकडे पाहिलं.

"राहू द्या साहेब," मी म्हणालो. "देवकी बसलीय."