सुलूताई डाव सोडत नाही

चिंचोक्याचं वजन साधारण पाऊण ग्रॅम भरतं. एक बाजू दगडावर घासून पांढरी केली की थोडं घटतं. किती, ते मी एकदा मोजलं होतं. रविवारची दुपार आहे, जेवण झालंय, पुस्तक छातीवर पालथं पडलंय आणि डोळे मिटता मिटता मी तो आकडा आठवते आहे.

"शून्य पूर्णांक शून्य आठ," सामंतबाई सांगतात.

माती परीक्षण प्रयोगशाळेतल्या माझ्या वरिष्ठ. गेल्या मार्गशीर्षात वारल्या. सुलूताई धरून आम्ही चौघी जेवणाच्या सुट्टीत चिंचोके लावून पोकर खेळायचो, त्याच वजनकाट्याच्या खोलीत त्या बसल्या आहेत. खेळ त्या नवऱ्याच्या जहाजावर शिकलेल्या, मुरलेल्या खेळाडूंकडून. मी नवशिकी. त्यांचं प्रत्येक वाक्य वहीत उतरवून घ्यायचे.

"बाई, तुम्ही सांगितलंत तशी हूल दिली. हातात काही नसताना दहा चिंचोके लावले. पुन्हा हरले."

"कोणाला दिलीस हूल?"

"सुलूताईला."

"अगं, सुलूनं जन्मात कधी डाव सोडलाय का? तिचं लक्ष डब्यातल्या भाजीत. हूल बघणाऱ्याला द्यायची. ते मी जहाजावरच्या लोकांबद्दल सांगत होते, तू बसलीस लिहून घेत."

खोली आता एसटी आहे, आम्ही मागच्या सीटवर. खिडकीत ब्युरेटची काचनळी लावलेली, तिच्यातून चहा थेंब थेंब पडतोय. बाईंच्या हातात दोन राजे आहेत. मधल्या पत्त्यांत एक्का उघडा होतो. त्या क्षणभर बघतात आणि राजे पालथे ठेवून डाव सोडतात. उसासा नाही, कोणाला दाखवणं नाही. असे पत्ते ठेवताना मी दुसऱ्या कोणाला पाहिलेलं नाही.

"इतके चिंचोके आत गेले की," मी म्हणते.

"गेले तेव्हाच माझे राहिले नाहीत." त्या चहाखाली कप धरतात. "तुझ्या पीएचडीला किती वर्षं झाली?"

"नऊ. त्या नमुन्यांतून काही निघणार नाही, हे दुसऱ्याच वर्षी कळलं."

"मग दर सहा महिन्यांनी अहवालात काय लिहितेस?"

"काम समाधानकारक चालू आहे."

"तुझे गाईड सर वाचतात?"

"पान न उलटता सही करतात."

"म्हणजे तेही सुलूच," बाई म्हणतात. सीटच्या लोखंडी कडेवर चिंचोका घासतात, खूप वेळ, आणि शाळेतल्या मुली देतात तसा माझ्या मनगटावर चटका देतात. "चल, तुझी पाळी."

पंखा फिरतोय. डाव्या मनगटावर लालसर डाग आहे, चिंचोक्याएवढा, हात लावला तर अजून कोमट. चहा घेऊन आलेला श्रीरंग, माझा नवरा, वाकून बघतो.

"हे काय लागलं गं?"

"उद्या सरांना सांगते," मी म्हणते. "पीएचडी सोडतेय मी."