'सकाळ' या शब्दापुढचं उत्तर

नायगावहून मला लातूरला पाठवलं ते डॉक्टर करायला. दोन महिन्यांत फिजिक्सपुढं हात टेकले आणि मी आर्ट्सला गेले. लातूरला राहून आर्ट्स शिकणं म्हणजे लग्नाला जाऊन उपाशी परत येणं, असं आमच्या गल्लीचं मत पडलं. मी मानसशास्त्र घेतलं, कारण त्यात गणित नसेल असं वाटलं. रूम मात्र तीच राहिली, आणि रूममधली मुलगीही तीच.

ती उदगीरची. मी बारावीला आले तेव्हा ती नीटची, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची रिपीटर होती. पहाटे साडेचारला उठायची, क्लासला जायची, आल्यावर भिंतीकडं तोंड करून वाचत बसायची. चहा प्यायची नाही, पित्त व्हायचं. मेसवाल्या काकू रोज कप पुढं करायच्या आणि ती रोज मान हलवायची.

आमच्या विषयाला जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही होती. त्यात एक शब्द-साहचर्य चाचणी. आपण एकेक शब्द म्हणायचा, समोरच्यानं मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा, आणि किती सेकंद लागले ते लिहायचं. प्रत्यक्षात हे कुणी करत नसे. मागच्या वर्षीच्या मुलीचं जर्नल हाताहातांतून फिरायचं आणि त्यातली उत्तरं, सेकंद, निष्कर्ष, सगळं जसंच्या तसं उतरायचं. वर्षानुवर्षं आमच्या कॉलेजात सगळ्या माणसांच्या मनात तेच वीस शब्द येत होते आणि मॅडम लाल पेननं सही करत होत्या.

मला मात्र हुशारी दाखवायची होती. म्हटलं, आपण खरी चाचणी घ्यायची. एका रविवारी दुपारी तिला कॉटवर बसवलं, मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं. झाड म्हटलं, ती म्हणाली सावली. पाणी, टाकी. भाऊ, राखी. पटापट चाललं होतं. मग मी म्हटलं, सकाळ.

चादरीचा एक दोरा निघाला होता, तो ती बोटाला गुंडाळत राहिली. मोबाइलवर आकडे पळत होते. चाळीस सेकंद झाले. मग ती हळूच म्हणाली, "नको." आणि लगेच, "पुढचा शब्द घे."

रफ वहीत मी ते लिहिलं. दुसऱ्या दिवशी जर्नल जमा करायचं होतं. 'नको' लिहिलं की चाळीस सेकंद लिहावे लागणार, मॅडम कारण विचारणार, निष्कर्ष स्वतःच्या डोक्यानं लिहावा लागणार. मी फिरतं जर्नल उघडलं. तिथं होतं: सकाळ, चहा, दोन सेकंद. तेच उतरवलं. खाली लिहिलं, प्रयुक्ताचे, म्हणजे चाचणी देणारीचे, प्रतिसाद सर्वसामान्य आहेत. मॅडमनी सही केली.

संध्याकाळी तिनं विचारलं, "माझं काय आलं गं?"

"सगळं नॉर्मल."

"खरंच?"

"हाव. मॅडमनी सही केली की."

"लई बरं झालं," ती म्हणाली. "मला वाटायलं होतं, काहीतरी बिघडलंय." त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली, हे मला लख्ख आठवतं. परीक्षा झाली, मी नांदेडला आले, पुढं तोच विषय शिकले आणि आता ज्युनिअर कॉलेजात तोच शिकवते. तिची विचारपूस करायची राहून गेली. राहून गेली कसली, मी टाळली. मात्र तेव्हापासून एक खोड लागली आहे. कुणाला उत्तर द्यायला वेळ लागला की मी मनात सेकंद मोजते. वर्गात मोजते, नवऱ्याशी बोलतानाही मोजते. चाळीसच्या पुढं आकडा गेला की मीच घाईनं दुसरा प्रश्न विचारते.

मागच्या वर्षी नांदेडच्या बसस्टँडवर तिनंच मला ओळखलं. अंगानं भरली होती, बोलणं मात्र सावकाश झालं होतं. उदगीरला एका मेडिकलवर बसते म्हणाली.

"तुझ्या त्या चाचणीनंतर मी घरी फोन लावणारच होते, मला घेऊन जा म्हणून," ती हसत म्हणाली. "तू नॉर्मल म्हणालीस. मग म्हणलं, आपलंच नाटक हाय. अजून दोन वर्षं काढली तिथंच. शेवटी बाबा येऊन घेऊन गेले, तवा मला बोलताच येत न्हवतं. इथंच दवाखान्यात होते सहा महिने."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला बरं वाटलं असतं.

"ते तुझे शब्द अजून आठवतेत बघ," ती म्हणाली. "झाड, पाणी, भाऊ. एक सोडून. सकाळला मी काय म्हणले होते गं?"

सांगायला हीच वेळ होती. रफ वही अजून माझ्या कपाटात आहे. तोंडातून मात्र सहीचं उत्तरच बाहेर पडलं. "चहा."

तिच्या कपाळावर आठी पडली. "पण मी तर चहा पीतच न्हवते."

उदगीरची गाडी लागली होती, कंडक्टर हाका मारत होता. ती उठली नाही. माझ्याकडं बघत उत्तराची वाट पाहत बसली. मी मनात मोजायला लागले, आणि या वेळी सेकंद माझ्या उत्तराचे होते.