ज्वारीची खळ

मी सोलापुरात एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. तेवढ्यावरून घरात माझ्या स्वयंपाकावर कुणाचा भरवसा नाही. त्या रविवारी मात्र उलटंच झालं.

शेजारच्या मावशी चादरीच्या कारखान्यात खोक्यांवर लेबलं चिकटवायच्या. तिथल्या केमिकलच्या डिंकाने त्यांच्या बोटांची सालं निघायची. "भाकरी थापताना जीव जातोय बघा," त्या म्हणाल्या आणि माझं डोकं फिरलं. ज्वारीच्या कोठारात राहतो आपण आणि चिकटवायला विष आणतो. खळ आपणच बनवायची, मी हट्टालाच पेटले. ज्वारीचं पीठ, बाभळीचा डिंक, बुरशी धरू नये म्हणून कडुलिंबाचा काढा. चार महिने नुसती बुरशीच पिकवली, मग कुठे जमलं. कारखान्याचे मालक म्हणाले, सोमवारी दाखवा, खोकी आपटून बघू. नाही टिकलं तर पुन्हा हा विषय काढायचा नाही.

रविवारी लॅबला कुलूप, म्हणून खळ घरच्याच पातेल्यात शिजवली आणि काढा गाळायला अंगणात गेले. परत येते तर लसणाचा घमघमाट. सासूबाईंना वाटलं, सुनेला एकदाची अक्कल आली, आंबील केली. त्यांनी ताक ओतलं, मीठ टाकलं, वर लसूण ठेचून घातला. आणि मावशी ओट्यापाशी बसून दुसरी वाटी संपवत होत्या.

"जरा दाट झालीय, पण चव लई झ्याक," सासूबाई म्हणाल्या. लग्नाला अकरा वर्षं झाली, माझ्या हातच्या पदार्थाला मिळालेली ही पहिली शाबासकी. मी अशी संतापले होते की हसू फुटत असूनही हसले नाही. खरं काय ते सांगितल्यावर मावशींनी वाटी खाली ठेवली. "पोटात चिकटलं न्हाय म्हंजे झालं," म्हणाल्या आणि पदर खोचून नवी खळ ढवळायला बसल्या.

सोमवारी मालकांनी खोकी आपटली, लेबलं नखाने खरवडली. एकही सुटलं नाही. तरी त्यांचं तोंड वाकडंच. "वास कसा येत नाही? वास नाही तर दम काय असणार? जुनाच बरा."

मी भांडायला तोंड उघडणार तोच मावशींनी जुन्या डिंकाचा आणि खळीचा, दोन्ही डबे त्यांच्यापुढे ठेवले.

"मालक, दोन्हीत येक येक बोट घाला. ज्यात दिवसभर ठेववंल, तो आमास्नी द्या."

मालकांनी माझ्या खळीत बोट बुडवलं. जुन्या डब्याशी हात नेला, मावशींच्या बोटांकडे पाहिलं आणि तो हात खळीसकट खिशात घातला.

"खळच लावा," म्हणाले.