सातव्या भागात खरी किंकाळी आमच्या रांगेतून आली

मित्रांनो, आजचीच गोष्ट. चाकणला रात्रपाळी सुटली आणि मी अन् विलास सेफ्टी शूज न काढता थेट चिंचवडला सकाळच्या शोला गेलो. मुखवटेवाल्या खुन्याच्या सिनेमाचा सातवा भाग. आधीचे सगळे आम्ही जोडीने पाहिलेत, राव!

हा मात्र नुसता रटाळ. पुढचा नंबर कुणाचा, ते आधीच कळत होतं. विलास तर चक्क झोपला.

मग खुन्याने करवत सुरू केली. मोटरचा आवाज चढला, बाई किंचाळली आणि विलास झोपेतच ताडकन उठला.

"मशीन बंद कर! हात आहे आत!"

कंपनीतलं प्रेस मशीन बंद करायचं लाल बटण दाबावं तसा तो पुढच्या खुर्चीवर तळहात आपटत होता. लोक हसले. मागच्या महिन्यात आमच्या प्रेसवर एकाची बोटं गेली, तेव्हा बटण यानेच दाबलं होतं.

"भावा, पिक्चर आहे," मी म्हणालो.

"थांबलं का?" त्याने विचारलं.

आज रात्री तो पुन्हा त्याच प्रेसवर आहे. सुपरवायझरला सांगावं, तर विलास कॉन्ट्रॅक्टचा माणूस, त्याला कामावरून काढून गेटवरूनच परत पाठवतील. गप्प बसावं, तर...

तुम्ही काय केलं असतं?