पडद्यातली कोरी जागा

माझ्या आईने युरोप पाहिला होता. तसा पुरावा आमच्या भिंतीवर आहे: मागे दगडी किल्ल्याचे गोल बुरूज, खाडीवरचा पूल, होड्या, आणि मधोमध इरकली लुगड्यातली, हाताला पीठ लागलेली आई. प्रत्यक्षात ती अक्कलकोटच्या पलीकडे कधी गेली नाही. युरोप सोलापुरातच होता, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, चार खिळ्यांना टांगलेला.

त्या खोलीत वडिलांचा, म्हणजे आबांचा, फोटो स्टुडिओ होता. सुताच्या एका व्यापाऱ्याने दिलेल्या कॅलेंडरवरून आबांनी तो पडदा स्वतः रंगवला होता. चित्राखाली नाव होते तारांतो, इटलीच्या दक्षिण किनाऱ्यावरचे जुने बंदर. माळशिरसकडची नवी जोडपी त्याच्यापुढे अशी ताठ उभी राहत, की जणू बंदर सासऱ्यानेच आंदण दिले आहे. फोटो धुण्याच्या हायपोचा आंबूस वास खोलीत कायम कोंडलेला असे. समुद्राला हाच वास येतो, अशी माझी बालपणभर खात्री होती. वैशाखात पत्रे तापले की समुद्राचे पोपडे गळत... आणि दुपारी आई तो समुद्र केरसुणीने सुपलीत भरून टाकून देई.

पडद्याचा मधला भाग मात्र आबांनी रंगवलाच नव्हता. तिथे माणसेच उभी राहणार, मग रंग कशाला घालवा? किल्ला आणि पूल यांच्यामध्ये माणसाएवढी कोरी जागा होती.

आईचा तो एकुलता एक फोटोही मुद्दाम काढलेला नाही. नवा दिवा आला होता, उजेड तपासायला कुणीतरी हवे होते. कणीक मळता मळता ती उठून आली.

"हलू नगंस," आबा काळ्या कापडाखालून म्हणाले.

"माझ्यामागं, ह्या कोऱ्या जागंत, खरं काय हाय ते तरी सांगा."

"तू हायेस की तितं. मागचं कोण बघतंय?"

"आन मी बाजूला झाल्यावर?"

"मग दुसरं कुणीतरी हुबं ऱ्हाईल!"

"लई घाई झालेली दिसतीया तुमास्नी," आई म्हणाली, आणि दोघे हसले.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी ती तापाने गेली. मी सात वर्षांची होते. स्टुडिओ पोटासाठी चालूच राहिला, तिथे दुसरी माणसे उभी राहतच गेली. पण गिऱ्हाईक गेले की ती पांढरी जागा उघडी पडे, आणि मला वाटे, आई आत्ताच बाजूला झाली आहे... मी तिच्याकडे पाठ करून अभ्यास करायची. आईच्या मागे काय होते, ते तिला कुणी सांगितलेच नाही, ही गोष्ट माझ्या मनात रुतून बसली. एकदा आबांना विचारले. "आता याद न्हाय," एवढेच म्हणाले. कॅलेंडरचे तर आईने माझ्या गणिताच्या वहीला कव्हर घातले होते, चित्र आतल्या बाजूला. मी मार्क लपवण्यासाठी ती वही रद्दीत ढकलली होती. आबांनी त्या जागी शेवटपर्यंत रंग भरला नाही.

मुलगा हल्ली इटलीत नोकरीला आहे. गेल्या वर्षी मी त्याला म्हटले, रोम राहू दे, तारांतोला ने. इंटरनेटवर पाहता आले असते. मुद्दाम पाहिले नाही. समुद्राला डिझेलचा आणि मासळीचा वास होता. हायपोचा नाही, याचे मला उगाच वाईट वाटले. किल्ला मात्र होता, पूलही होता, आणि दर वळणावर वाटत होते, आता मुंडावळ्या बांधलेले कुणीतरी ताठ उभे दिसेल... हातात आईचा फोटो धरून मी मागेपुढे सरकत राहिले. मग एका ठिकाणी बुरूज बुरुजावर बसला, पूल पुलावर.

मी फोटो खाली केला. आई बाजूला झाली.

मागे एक राखाडी लोखंडी फाटक होते, बंद. मुलाने मोबाईल वर केला, तसा फाटकावरच्या शिपायाने बोट हलवले. मुलाने पाटी वाचली.

"आई, नौदलाची हद्द आहे. इथे फोटो काढायला मनाई आहे."